होळीत जळावे ते काय?

फाल्गुनात रानातला पळस फुलतो आणि गावोगावी होळीची तयारी सुरू होते. कोकणात शिमग्यानिमित्त ग्रामदेवतेची पालखी भक्तांच्या दारी येते. देशावर मधोमध एरंडाची फांदी रोवून भोवती लाकडे व गोवऱ्या रचतात. पौर्णिमेच्या सायंकाळी पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून अग्नी प्रज्वलित होतो. दुसऱ्या दिवशी धुळवड आणि वद्य पंचमीस रंगपंचमी येते. थंडीला निरोप देऊन वसंताचे स्वागत करणारा हा लोकोत्सव आहे.

या अग्नीमागे दोन कथा प्रसिद्ध आहेत. हिरण्यकशिपूच्या आज्ञेने बाल प्रल्हादाला मांडीवर घेऊन बसलेली होलिका स्वतःच भस्म झाली आणि प्रल्हाद सुरक्षित राहिला. दुसरी कथा कामदहनाची. ध्यानभंग करू पाहणाऱ्या मदनाला शंकरांनी तृतीय नेत्राने जाळले. एका कथेत सत्तेचा अहंकार हरतो, दुसरीत कामविकार भस्म होतो. म्हणजे होळीचा मूळ अर्थ विकारांचे दहन हाच आहे.

पुराणांनुसार हाच मदन पुढे श्रीकृष्ण-रुक्मिणींचा पुत्र प्रद्युम्न म्हणून जन्मला. जैन परंपरेत प्रद्युम्नकुमारांनी भगवान नेमिनाथांच्या शासनात दीक्षा घेऊन तपाने कर्मक्षय केला. श्वेतांबर परंपरेनुसार शांब व प्रद्युम्न साडेआठ कोटी मुनींसह फाल्गुन शुद्ध त्रयोदशीस शत्रुंजयावर मोक्षास गेले. त्या स्मरणार्थ पालिताण्यास हजारो यात्रेकरू छ गाऊंची प्रदक्षिणा करतात. दिगंबर परंपरेत त्यांची निर्वाणभूमी गिरनार मानली जाते. जो काम लोककथेत बाहेरून जाळला गेला, तो येथे आत्म्याने आपल्याच तपाग्नीत जाळला.

फाल्गुन शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत दिगंबर मंदिरांत अष्टाह्निका पर्व असते. नंदीश्वर द्वीपातील 52 अकृत्रिम जिनालयांचे स्मरण, सिद्धचक्र विधान, उपवास आणि स्वाध्याय यांत हे आठ दिवस जातात. श्वेतांबर समाजात शुद्ध चतुर्दशीस फाल्गुन चौमासीचे प्रतिक्रमण होते. बाहेर होळी रचली जात असते तेव्हा श्रावक दोषांची आलोचना करीत असतो.

मात्र खरा प्रश्न घरात उभा राहतो. मुले पिचकारी मागतात, शेजारी स्नेहाने बोलावतात. अशा वेळी श्रावकाला अनर्थदंडविरमण व्रत मार्ग दाखवते. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त निष्प्रयोजन पाणी उडवणे, अग्नी पेटवणे व वनस्पती तोडणे यांस प्रमादचर्या म्हटले आहे. रचलेल्या लाकडांत मुंग्या, कीटक असतात. पाणी, अग्नी आणि वनस्पती यांतही जीव आहेत. ‘तत्त्वार्थसूत्रा’त या व्रताच्या अतिचारांमध्ये पहिले नाव येते ‘कंदर्प’, म्हणजे कामुक थट्टा. कंदर्प हे मदनाचेही नाव. ज्या सणात मदन जळतो, त्याच दिवशी अचकट-विचकट बोलून त्याला पुन्हा जिवंत करणे हा केवढा विरोधाभास!

म्हणून शेजाऱ्यांकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. रात्रिभोजनत्याग असलेल्या घरी पुरणपोळी सूर्यास्तापूर्वीच होते. त्यातलीच चार पोळ्यांची ताटली शेजारी पोहोचवता येते. पाण्याऐवजी कपाळी कोरड्या रंगाचा टिळा लावता येतो. ओले झाड तोडू नये, हे आपल्या सोसायटीत नम्रपणे सुचवता येते. मुलांना नुसते ‘नाही’ म्हणण्यापेक्षा प्रल्हादाची आणि प्रद्युम्नकुमारांची कथा एकत्र सांगितली, तर त्यांना नकाराचे कारण कळते आणि सणाचा आनंदही उरतो.

दुसऱ्या दिवशी होळीची राख थंड होते. वर्षभर जपलेला एखादा राग, एखादे जुने वैर त्या राखेबरोबर संपले असेल, तर होळी साजरी झाली. ते तसेच राहिले असेल, तर केवळ लाकडेच जळाली.