पाचाचे ३.३ व्होल्ट झाले तेव्हा

ठाणे-बेलापूर पट्टा एकेकाळी नोसिलसारख्या रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जाई. गेल्या दोन दशकांत कोपरखैरणे, महापे, रबाळे, ऐरोली आणि पुढे पनवेलपर्यंत डेटा सेंटरांची रांग लागली. योट्टा कंपनीचे पनवेलचे केंद्र २०२० मध्ये सुरू झाले. या इमारतींची चर्चा होते ती जागेची, विजेची, गुंतवणुकीची. त्यांच्या प्रत्येक फायबरच्या टोकाशी बसलेल्या लेझर डायोडला किती व्होल्ट द्यावेत हा निर्णय मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. मला तो फार मोलाचा वाटतो.

उष्णतेशी या डायोडचे वैर जन्मापासूनचे. १९६२ चा पहिला सेमीकंडक्टर लेझर द्रव नायट्रोजनच्या थंडीत चाले. खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा लेझर यायला १९७० उजाडले. तापला की त्याला पेटायलाच जास्त प्रवाह लागतो; त्याला प्रवाह देणारे सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, तो पुरवते आणि त्यानेच डायोड आणखी तापतो.

हा डायोड आणि त्याचा ड्रायव्हर ज्या डबीत बसतात तिला मॉड्यूल म्हणतात. नव्वदच्या दशकातली जीबिक प्रकारची मॉड्यूल बहुतेक ५ व्होल्टवर चालत. १३१० नॅनोमीटरच्या डायोडला लागतात जेमतेम १.२ व्होल्ट. ६० मिलिअँपिअर प्रवाह धरला, तर उरलेल्या ३.८ व्होल्टची पाव वॅटच्या आसपास उष्णता होते, तीही डायोडला खेटूनच, बंद डबीत. २००० च्या सुमारास छोटी एसएफपी मॉड्यूल आली, ३.३ व्होल्टवर चालणारी. तोच हिशेब सव्वाशे मिलिवॅटवर आला.

पण व्होल्ट कमी केले की ड्रायव्हरला हातपाय हलवायला जागा उरत नाही. डायोडचे १.२ गेले, जोडीच्या २० ओहमच्या रोधावर आणखी १.२ गेले, ट्रान्झिस्टरच्या वाट्याला उरले ०.९. वेगाने उघडझाप करायला एवढे अपुरे पडू लागले, तेव्हा डिझाइनरांनी सिग्नल कपॅसिटरमधून आणि स्थिर प्रवाह फेराइट बीडमधून, असा वेगळा नेला. ही युक्ती मला त्या काळातले सर्वांत सुंदर काम वाटते. मधल्या काळातल्या एक्सएफपी या प्रकाराने तर एकाच मॉड्यूलसाठी चार निरनिराळ्या व्होल्टचे पुरवठे मान्य केले होते. ते फार टिकले नाही.

लांब पल्ल्याच्या दुव्यांवर प्रश्न रंगाचाही, कारण तिथे एकाच फायबरमधून अनेक रंगांचे चॅनल शेजारीशेजारी जातात. १५५० नॅनोमीटरचा डीएफबी (एकाच रंगाचा) लेझर तापमानाच्या अंशामागे सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकतो आणि शेजारचा चॅनल अवघ्या ०.८ नॅनोमीटरवर. आठ अंश चुकले की शेजाऱ्याच्या घरात शिरला. म्हणून तिथे पेल्टिए कूलर लागतो, आणि त्याची वीजही त्याच ३.३ व्होल्टमधून.

पुरवठा आजही ३.३ च आहे, पण ४०० गिगाबिटचे एक मॉड्यूल १२ वॅटपर्यंत खाते. बत्तीस पोर्टांच्या स्विचवर नुसत्या मॉड्यूलांचे ३८४ वॅट झाले. त्यामुळे आता प्रकाशाचे सर्किट स्विचच्या मुख्य चिपशेजारी न्यायचे आणि लेझर तेवढा तिथून काढून स्विचच्या दर्शनी पट्टीवर, थंड हवा आत शिरते तिथे बसवायचा, अशी रचना पुढे येते आहे.