पुलाच्या पोटातली चुन्याची डबी

उसाच्या हंगामात सदलग्याजवळ दूधगंगेच्या पुलावर जरा उभं राहा. ट्रॅक्टरमागे काठोकाठ भरलेल्या दोन ट्रॉल्या येतात आणि पायाखाली पूल हलकेच थरथरतो. घाबरू नका, ओझं आलं की किंचित वाकायचं आणि गेलं की सरळ व्हायचं, हे त्याचं रोजचंच काम. खरं नवल आत आहे. पावसापाण्यात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या या काँक्रीटमधली लोखंडी सळई गंजून कशी जात नाही?

याचं उत्तर निपाणी भागात कितीतरी जणांच्या खिशात सापडेल: चुना! तंबाखूत मळतात तोच. सिमेंटमध्ये पाणी पडलं की इतर संयुगांबरोबर चुनाही तयार होतो. आपलं तोंड भाजवणारा त्याचा तिखटपणा सळईला मात्र मानवतो. तिच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा चढतो. जाडी किती? मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास! एवढ्याशा चिलखतावर सळई कित्येक दशकं काढते.

शत्रूही साधाच आहे, हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत सरकतो आणि चुन्याचा तिखटपणा मारतो. पण दुप्पट खोल जायला त्याला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणजे सळईवर २० ऐवजी ४० मिलिमीटर काँक्रीट असेल, तर आयुष्य जवळपास चौपट! सळईखाली ठेवलेला क्षुल्लक ठोकळा, म्हणजे कव्हर ब्लॉक, ही किमया करतो.

चुना अजून जिवंत आहे का, हे कसं कळणार? हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. इंजिनिअरांची युक्तीही तीच. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर ते फिनॉल्फ्थलीन शिंपडतात. गुलाबी झालं तर चुना शाबूत, रंग आलाच नाही तर संपला.

तो संपला की गंज सुरू होतो, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. भिंतीत पिंपळ वाढावा तसं काँक्रीट आतून फुटतं. कारण दाब झेलण्यात पैलवान असलेलं हे काँक्रीट ताणाला अगदीच लेचंपेचं.

आता ट्रॉल्यांकडे वळू. तार एका झटक्यात तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. प्रत्येक ओझ्यासरशी पुलाची भेग केसभर उघडते आणि मिटते. भेगेतून हवापाण्याला आडवाट मिळाली, की ४० मिलिमीटरची लांबलचक वाट कोण चालेल? आत गंज सळईला बारीक खड्डे पाडतो, सगळा ताण त्या खड्ड्यांपाशी गोळा होतो आणि सळई तिथूनच चिरत जाते. गंज आणि ओझं, दोघं एकमेकांचं काम सोपं करतात.

त्यात समुद्राचं मीठ आलं तर? ते चुना शाबूत असतानाही पापुद्रा भेदतं. पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा तो जेमतेम दीड दशकांचा होता. आतल्या ताणून बसवलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या.

दूधगंगेचं पाणी गोडं आहे, हे आपलं नशीब. तरी पुलाखालून जाताना मान वर करून पाहा. भेगेतून तपकिरी ओघळ उतरलेला दिसला, तर समजा, आतली डबी रिकामी होत आलीय.