कॉन्व्हेंटची कमान आणि धर्मशिक्षणाचा तास

कॅथलिक शाळांची धार्मिक ओळख टिकवायची कशी, या विषयावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जेवढे परिसंवाद झाले तेवढे धर्मशिक्षणाचे तास शाळांतून नीट झाले असते, तर संपादकांना हा लेख मागावाच लागला नसता. परिसंवादात बिशप बोलतात, वकील बोलतात, उद्योगपती झालेले माजी विद्यार्थी बोलतात. आठवड्यातला तो एक तास घेणाऱ्या बाई मात्र मागे चहाचे कप मोजत असतात. माझा पक्ष त्या बाईंचा, हे आधीच सांगून टाकतो.

पोर्तुगीज अमदानीतली जेझुइट कॉलेजे, १७५९ची जेझुइटांची हकालपट्टी, मग मुंबईचे सेंट झेवियर्स, पुण्याचे १८६७चे सेंट व्हिन्सेंट्स हा भाग प्रत्येक स्मरणिकेत असतो. तो तिथेच वाचावा. कायद्याचेही तेच. घटनेचे ३०वे कलम, १९७४चा अहमदाबादच्या झेवियर्स कॉलेजचा निकाल, २००२चा टी. एम. ए. पै, २०१४चा प्रमती. अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळणाऱ्या या प्रमती निकालाबद्दल २०२५च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानेच शंका घेतली आणि प्रकरण सरन्यायाधीशांकडे गेले. वकिलांना काम मिळाले. मला यातले जवळचे वाटते ते २८वे कलम. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. त्यामुळेच आपल्याकडे घंटा झाली की वर्ग दुभंगतो: चार कॅथलिक मुले कॅटेकिझमला, उरलेली ‘मॉरल सायन्स’ला. कॅथलिक शाळेचे सगळे भवितव्य त्या दुसऱ्या खोलीत ठरते, असे माझे जुने मत आहे. त्यावरून मी बरेच शत्रू केले आहेत.

हे मत मी नगर जिल्ह्याकडे पाहून बनवले. केंदळ, वळण, संगमनेर या भागात जर्मन फादरांनी काम उभे केले ते गावकुसाबाहेरच्या वस्तीत आणि मराठीत. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक काढले. चार वर्षांनी ते पुण्याचे बिशप झाले. बिशपाचे नाव इतिहासात राहिले, पण ते मिशन चालवले गावोगावच्या मास्तरांनी. मास्तर सकाळी मुळाक्षरे गिरवून घेई, संध्याकाळी प्रार्थना सांगे, कोणाचा कागद तालुक्याला अडकला तर अर्जही लिहून देई. शाळा, देऊळ आणि वस्तीचे गाऱ्हाणे ही तीन खाती त्याच्या लेखी वेगळी नव्हती. त्याला कोणी ‘तुमच्या संस्थेची ओळख काय’ असे विचारले असते तर तो गोंधळला असता. पुढे संगमनेरला ज्ञानमाता विद्यालय मराठी माध्यमातच वाढले. पुण्यात फादर मॅथ्यू लेदर्ले यांनी शनिवार पेठेत ‘स्नेहसदन’ मांडून जाणत्या हिंदूंशी गप्पा सुरू केल्या. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ चालवले, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. एवढे मराठी धन हाताशी असताना आमच्या किती कॉन्व्हेंटांच्या वाचनालयात ‘सुबोध बायबल’ सापडते, ते एकदा पाहावे.

आमच्या रत्नागिरीची गोष्ट निराळी आहे. २००५पासून हा जिल्हा सिंधुदुर्ग धर्मप्रांतात. कॅथेड्रल सावंतवाडीचे मिलाग्रिस. महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसे २०११च्या जनगणनेत एक टक्क्यालाही भरली नाहीत. कोकणात वर्गातला फर्नांडिस किंवा डिसोझा बहुधा एकटाच असतो. बाकीचा वर्ग कुणबी, भंडारी, खारवी आणि मिरकरवाड्याची मुसलमान मुले. अशा वर्गाला मी वर्षानुवर्षे मॉरल सायन्स शिकवले, आणि मराठीतच शिकवले. छापील इंग्रजी पुस्तकात कुठल्याशा टॉमीने सफरचंद चोरलेले असे; ते मिटून ठेवायचे. जखमी वाटसरूला उचलणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट सांगायची आणि मग म्हणायचे, आता हे हातखंब्याच्या तिठ्यावर घडलंय. कोण थांबेल?

एकदा मिरकरवाड्याचा एक मुलगा म्हणाला, “सर, मासळीचा टेम्पोवालाच थांबणार. त्याची गाडी आधीच घाण असते, रक्त लागलं तर त्याला काय!” वर्ग हसला. मग एक मुलगी म्हणाली, “पण त्याची मासळी सडंल ना?” पुढची वीस मिनिटे बर्फ किती वेळ टिकतो, पोलीस जबाबाला किती थांबवतात, नुकसान कोणी सोसायचे यावर चर्चा झाली. शेजारच्या खोलीत कॅटेकिझमची मुले आज्ञा पाठ म्हणत होती. येशूचे म्हणणे त्या दिवशी कोणत्या खोलीत जास्त पोहोचले, हे मी पॅरिशच्या सभेत विचारले तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ उठून निघून गेले.

या गृहस्थांचा एक पंथच आहे. कॅथलिक मुलांची संख्या वाढवा, दर्शनी भागात मारियामातेचा पुतळा मोठा करा, की ओळख टिकली. दुसरा पंथ अधिक आधुनिक: शिस्त, इंग्रजी आणि दहावीचा शंभर टक्के निकाल हीच आमची ओळख. प्रवेशाच्या रांगेत पालक नेमके हेच मागतात, त्यामुळे या पंथाला स्वतः विचार करावा लागत नाही. गोव्यात काय झाले ते डोळ्यांसमोर आहे. १९९०च्या सरकारी भाषामाध्यम-धोरणानंतर चर्चच्या प्राथमिक शाळांनी कोकणी माध्यम धरले. स्टीफन्स पाद्रींची ‘दौत्रीन’ ही कोकणी धर्मशिकवणीची पोथी १६२२ची, म्हणजे मुलांना त्यांच्या बोलीत धर्म सांगायची चाल तिथे जुनीच. पण पालकांचा रेटा वाढत गेला, २०११ साली इंग्रजीला अनुदान मिळाले आणि कोकणी वर्ग ओस पडू लागले. पालकांना दोष देत नाही. पोटाची भाषा कोणालाही हवीच. पण जी शाळा मुलाशी फक्त पोटाच्या भाषेत बोलते तिने मिशनचे नाव कशाला सांगावे?

२०२४मध्ये आसामात शाळांतले क्रूस आणि पुतळे उतरवा अशा धमक्या आल्या. त्यानंतर कॅथलिक बिशप परिषदेने शाळांना सूचना दिल्या: इतर धर्मीयांवर आपल्या परंपरा लादू नका, परिपाठात घटनेची उद्देशिका म्हणा, सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष ठेवा. पहिल्या पंथाने शरणागतीची ओरड केली, दुसऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. मला त्यात नवे काही दिसले नाही; लादू नये हे नगरच्या मास्तरालाही कळत होते. उद्देशिका जरूर म्हणा. पण प्रार्थनाकक्षाचे मला हसू येते. आमच्याकडे खोली रिकामी केली की वर्षभरात तिथे मोडके बाक जातात.

आज प्रिन्सिपल सिस्टरांचा दिवस यू-डायस आणि सरलच्या सरकारी माहिती भरण्यात आणि शिक्षकांच्या पदांच्या संचमान्यतेत जातो. सिस्टरही कमी झाल्या आणि केरळहून, झारखंडहून आलेल्या तरुण सिस्टरांना मराठी येईपर्यंत बदलीचा कागद येतो. दहावीचा मॉरल सायन्सचा तास दिवाळीनंतर गणिताला जातो. आठवी-नववीचा ‘स्पोकन इंग्लिश’ला. पाहुणे आले की मात्र वेळापत्रकात तो दाखवला जातो.

धर्मप्रांताने माझे एक ऐकावे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चार-पाच शाळांनी मिळून चांगले मराठी बोलणारा एक शिक्षक फक्त या तासासाठी नेमावा. तो कॅथलिकच हवा असाही माझा आग्रह नाही. त्याचे पद संचमान्यतेत बसणार नाही, पगार फीमधूनच काढावा लागेल. जूनच्या पालकसभेत तो आकडा आणि त्यामागचे कारण दोन्ही पालकांना सांगावे लागेल. पालक विचारतील, याचे मार्क किती? उत्तर तयार ठेवावे: शून्य.