इफ्ताहचा नवस

आज इफ्ताह. शास्ते, अध्याय ११. लढाईआधी तो नवस बोलला: अम्मोन्यांना हरवलं, तर परतल्यावर घरातून जे सामोरं येईल त्याचा होमबली देईन. सामोरी आली डफ वाजवत, नाचत एकुलती एक लेक.

वाचताना मी इफ्ताहवरच चिडलो होतो. पण मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या जुन्या विवेचनात, दोषी दोघं आहेत. नवस सोडवता आला असता की! याजक फिनहास होता ना. पण त्याला वाटलं, गरज इफ्ताहला, त्यानं यावं. इफ्ताहला वाटलं, मी सरदार, मी कशाला जाऊ? या मानापमानात पोरगी गेली. रब्बी म्हणतात, फिनहासपासून देवाचा आत्मा दूर गेला, इफ्ताहचे अवयव गळून पडले.

मुलीचं नाव शास्तेमध्ये कुठेच नाही.