चुंबकाचं पोट भरतं तेव्हा

अकोले-संगमनेरकडे मक्याच्या शेताच्या कोपऱ्यात एखादी पेटी ‘टक्… टक्… टक्…’ करताना ऐकलीय? ते झटका मशीन. रानडुकरांनी पीक लोळवू नये म्हणून शेताभोवती तारा ओढतात आणि ही पेटी साधारण सेकंदाला एकदा त्यांत विजेचा ठोका सोडते. ठोका काही हजार व्होल्टचा! घरच्या बोर्डात 230 व्होल्ट, तरी त्यानं माणूस दगावू शकतो. मग हजारो व्होल्ट लागूनही डुक्कर नुसतं किंचाळून पळतं कसं? कारण ठोका डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी संपतो आणि पुढचा येईपर्यंत तार गप्प असते. (बोर्डातली वायर थेट कुंपणाला जोडणं मात्र गुन्हा आहे. त्यात माणसं मेली आहेत. कुणी जोडताना दिसलं तर मोठ्यांना लगेच सांगा.)

आता खरी गंमत. समजा, पेटीनं एका ठोक्यात 1 जूल ऊर्जा सोडली. म्हणजे किती? 100 ग्रॅमचा पेरू मीटरभर उचलायला लागते तेवढी. अगदीच फुटकळ. पण तीच सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात सोडली, तर तेवढ्यापुरती शक्ती होते 10,000 वॉट! विहिरीवरची 5 अश्वशक्तीची मोटार साधारण 3,700 वॉटची असते. पेरू उचलण्याएवढ्या ऊर्जेनं क्षणभर का होईना, अडीच मोटारींची ताकद दाखवली की! वेळ जितका आखडाल, तितकी ताकद वाढते.

शास्त्रज्ञांचं एवढ्यावर भागत नाही. त्यांना नॅनोसेकंदातला ठोका हवा. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग; तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम 30 सेंटिमीटर जातो. इतकं चपळ बटण आणायचं कुठून? एक उत्तर निघालं चुंबकात.

काही लॅपटॉपच्या चार्जरला वायरवर एक फुगीर गाठ असते. तिच्यात फेराइटची नळी असते. फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून भाजून केलेलं काळं, ठिसूळ द्रव्य. वायरमधली वीज वाढू लागली की फेराइटमधले अगणित सूक्ष्म चुंबक एका दिशेला वळू लागतात आणि वळेपर्यंत विजेला अडवून धरतात. पण सगळे वळून झाले की? अडवायला कुणी उरतच नाही! फेराइट संपृक्त झालं, असं म्हणतात.

अशा फेराइटच्या कड्या लांब तारेवर ओळीनं ओवा आणि एका टोकाला ठोका द्या. काय होईल? अवकाळी पावसानंतर साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या आठवा. पहिल्या गाडीला चिखल तुडवत वाट करावी लागते, ती रखडते. मागच्यांना दाबलेली चाकोरी आयती मिळते, त्या भराभर येऊन पुढच्यांना भिडतात. लांब पसरलेली रांग फाटकाशी पोचते ती गच्च होऊन. इथंही ठोक्याची कमजोर सुरुवात चुंबक वळवण्यात रखडते आणि मागचा जोरदार भाग सुसाट येऊन तिला गाठतो. सावकाश चढणारा ठोका दुसऱ्या टोकाला नॅनोसेकंदाहूनही कमी वेळात शिखर गाठतो. हलणारा भाग नाही, ठिणगी नाही! अशा एकदम चढणाऱ्या लहरींना आघातलहरी म्हणतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ कातायेव यांनी 1960च्या दशकात त्यांच्यावर अख्खं पुस्तकच लिहिलं.

असे ठोके रडारसारख्या कामांत लागतात, तसेच यंत्रांच्या परीक्षेतही. आजच्या गाडीत जागोजागी इलेक्ट्रॉनिक्स असतं. जोराची रेडिओलहर किंवा विजेचा ठोका आला तर ते गांगरणार तर नाही? असल्या चाचण्यांची प्रयोगशाळा आपल्या अहिल्यानगरातच आहे, डीआरडीओच्या व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेत.

दांडगे ठोके मात्र भाभा अणुसंशोधन केंद्रात. तिथल्या लिनिअर इंडक्शन अ‍ॅक्सिलरेटर या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात ठोका आखडायला संपृक्त होणाऱ्या चुंबकांचीच बटणं वापरली आहेत. तिथलंच दुसरं यंत्र ‘काली-5000’. त्याचा आराखडा 10 लाख व्होल्ट, 40 हजार अँपिअर आणि 100 नॅनोसेकंदांचा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट आणि वॉट गुणिले सेकंद म्हणजे जूल. मग त्याच्या एका ठोक्यात किती जूल ऊर्जा असेल आणि तेवढ्यावर 10 वॉटचा एलईडी दिवा किती वेळ चालेल, हे वहीत मांडून पाहा. उत्तर सात मिनिटांच्या जरा आत आलं, तर गणित बरोबर!