तारा गावचा घाणा

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने पेणच्या दिशेला निघालं की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका बराच वेळ सोबत करतो. अभयारण्याची झाडी मागे पडली की तारा गाव येतं. युसुफ मेहेरअली सेंटरचं काम इथे चालतं.

मेहेरअली म्हणजे १९२८ साली ‘सायमन गो बॅक’ची घोषणा देणारे आणि १९४२ साली मुंबईचे महापौर झालेले समाजवादी नेते. ‘क्विट इंडिया’ हे शब्दही त्यांच्याच नावावर आहेत. १९५० साली, पन्नाशीही न गाठता ते गेले. १९६१ साली सहकाऱ्यांनी त्यांच्या नावाने ही संस्था काढली, पण पुतळा उभारण्याऐवजी गावातलं काम उभं केलं : दवाखाना, शाळा, आणि त्याबरोबर घाण्याचं तेल, कडुनिंबाचा साबण, कुंभारकाम, गांडूळखत.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला वसाहतकाळातलं अख्खं गाव जपलं आहे. अठराव्या शतकातल्या वेशातले लोहार-सुतार तिथे पाहुण्यांसमोर काम करतात. आपल्याकडे वर्ध्याचं मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते १९३८ साली उघडलं, तेही ग्रामोद्योगांसाठीच. तारा गावाला मात्र कुणी संग्रहालय म्हणत नाही. इथल्या कारागिराला वेश चढवावा लागत नाही, कारण त्याचा माल विकला जावा लागतो.

घाण्याचंच बघा. या मुलखाला तो नवा नाही. कोकणातले बेने इस्रायली ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पनवेलमधलं त्यांचं सिनेगॉग १८४९ सालचं. इंग्रजी अमलात दिव्यात रॉकेल आलं, बाजारात गिरणीचं तेल आलं आणि गावोगावचे घाणे बसले. गिरणीत दाणा तापतो, पेंडीत उरलेलं तेलही रसायनाने काढून घेता येतं. घाण्याची मुसळासारखी लाट उखळात संथ फिरते. तेल फारसं तापत नाही, त्याचा वास टिकतो. पेंडीत तेल राहून जातं. गुरांची त्यात चंगळ, पण तेवढ्याच तेलाला दाणे जास्त लागतात. घाण्याचं तेल महाग का, याचं उत्तर त्या पेंडीत आहे.

शिबिरासाठी येणाऱ्या शहरी मुलांना हा हिशेब पुस्तकापेक्षा घाण्यापाशी लवकर कळतो. चाकावरचा मातीचा गोळा हाताखाली वाकडा झाला की कुंभाराची मजुरी म्हणजे काय, हेही उमगतं.

या कामाचा कणा होते डॉ. जी. जी. पारीख. बेचाळीसच्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला, पुढे ‘जनता’ साप्ताहिक चालवलं. दर ९ ऑगस्टला ते मुंबईच्या ऑगस्ट क्रांती मैदानात हुतात्म्यांना वंदन करायला जात. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, शंभरी ओलांडून, ते गेले.

ज्यांनी ‘चले जाव’ म्हटलं, त्यांच्या पुढची अडचण वेगळी होती : इंग्रज गेल्यावर गावात काय राहणार? तारा हे त्याचं एक लहानसं, अपुरं, पण चालतं उत्तर आहे. काचेच्या कपाटातली वस्तू तिकिटाच्या पैशावर टिकते. घाणा टिकायचा तर त्याचं तेल कुणाच्या तरी फोडणीत पडलं पाहिजे.