अक्षतांविना लग्न?

‘आई, आम्ही लग्न जंगलात करणार!’ अमेरिकेतल्या लेकीचा असा फोन आला, तर कपाळाला हात लावून बसू नका बरं का, मैत्रिणींनो! कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात खरोखरच लग्नं लागतात. कुणी तिथल्या 1879 सालच्या चिमुकल्या चर्चमध्ये, तर कुणी उंच ग्लेशियर पॉइंटवर, समोर हाफ डोमचा अजस्र कडा ठेवून.

मात्र कागद दोन लागतात. एक उद्यानाचा परवाना. लग्न चार माणसांचं असलं तरी तो हवाच! दुसरा सरकारी विवाह-परवाना. तो 90 दिवसच चालतो, तेव्हा फार आधी काढू नये. मुहूर्ताचीही पंचाईतच! ग्लेशियर पॉइंटचा रस्ता साधारण नोव्हेंबर ते मे बर्फामुळे बंद, आणि उघडतो तेव्हा लवकरच आपला चातुर्मास!

खरी गोम पुढेच आहे. तिथं तांदूळ उधळायला बंदी! फुलांच्या पाकळ्यासुद्धा नाहीत. दाण्यांना पाखरं, प्राणी सोकावतात ना! होमाचा विस्तवही हवा तिथं पेटवता येत नाही.

मग काय करावं? हळद, होम, सप्तपदी आदल्या दिवशी घरी उरकावी. उद्यानात हार घालावेत, मंगलाष्टकं आपल्याच गळ्यानं म्हणावीत. आणि अक्षता? वडीलधाऱ्यांनी एकेक करून दोघांच्या डोक्यावर हात ठेवावा. आशीर्वाद तर त्या हातातच असतो. चार दाण्यांसाठी लेकीशी रुसून तिच्या लग्नाला मुकू नका!